माहूरगडावरचं आग्या मोहोळ

वेळ अमावस्येच्या सणाला शेतात भज्जी-आंबिलीचं जेवण झालं आणि हात धुता धुता माझ्या सासूबाई म्हणाल्या, त्यांना माहूरला जायचंय. आमच्याकडं अहमदपूर भागात सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे, मीही तेच म्हणते. आत्यांच्या माहेरची कुलदेवी रेणुका. लग्न होऊन आल्यापासून त्यांना तिकडं जायला मिळालंच नव्हतं, दरवेळी काहीतरी आडवं आलेलं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, "बघू" म्हणाला. ते "बघू" मी पंधरा वर्षं ऐकत आलेय. त्यामुळं माझ्या तोंडून निघून गेलं की मी नेते, गाडी मी चालवते.

आत्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "चालंल."

माझा स्वार्थही होताच. हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माझं किल्ल्यांचं वेड माहीत आहे. औसा, उदगीर, कंधार हे सगळे पाहून झाले होते, पण ते भुईकोट. डोंगरावरचा, जंगलातला माहूरगड राहिला होता. मी लातूरला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते. जानेवारीत सुट्टी मागणं म्हणजे सरांच्या कपाळावर आठ्या. पण मिळाली.

ही सहल होऊन बरेच दिवस झाले. एवढा उशीर का, ते पुढं कळेल. ज्या मुलीबद्दल मी लिहिणार आहे तिला विचारून लिहितेय आणि तिचं नाव बदललंय.

जाताना

लातूरहून मी पहाटे निघाले आणि अहमदपूरच्या बसस्टँडसमोरून आत्यांना घेतलं. त्यांच्याजवळ एक पिशवी, पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ओटीचं सामान, आणि काखेत घडी केलेली जाड सोलापुरी चादर. लॉजवर पांघरूण असतं असं मी सांगून बघितलं. "आसू दे," म्हणाल्या.

अहमदपूर ते लोहा, लोहा ते नांदेड रस्ता चांगला आहे, फक्त उसाच्या ट्रॉल्यांवर लक्ष ठेवा. मागं दिवा नसतो आणि ऊस बाहेर आलेला असतो. नांदेडात शहरात न शिरता अर्धापूरकडं निघालात तर वेळ वाचतो. अर्धापूरला रस्त्याच्या कडेला केळीचे घड मांडलेले असतात, तिथं थांबून केळी घ्याच. पुढं वारंगा फाटा, हदगाव, उमरखेड, महागाव, आणि धनोड्याला नागपूरचा हमरस्ता सोडून उजवीकडं. मधला काही भाग यवतमाळ जिल्ह्यात जातो, मग पैनगंगेचा पूल ओलांडला की पुन्हा नांदेड. तिथून सागाचं जंगल सुरू होतं. लातूरकरांच्या डोळ्यांना एवढी झाडं एकदम बघायची सवय नाही.

आत्या आणि मी एवढा वेळ एकट्या कधीच बसलो नव्हतो. आमच्यात भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. सणाला भेटायचं, पाया पडायचं, डबा भरून घ्यायचा. लोह्यापर्यंत त्यांनी खिडकीवरचा दांडा धरून ठेवला होता. उमरखेडजवळ चहाला थांबलो तेव्हा त्यांनी चहावाल्याला आपणहून सांगितलं की गाडी सून चालवायलीय. चहावाल्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

दुपारी माहूर. रेणुकेच्या पायऱ्या आत्या कठड्याला धरून, मध्ये मध्ये बसत चढल्या. ओटी भरली, पानाचा कुटलेला तांबूल प्रसाद म्हणून मिळाला, तो त्यांनी पदराच्या गाठीत बांधला. खाली उतरल्यावर त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा झाला होता. संध्याकाळी एका खानावळीत पिठलं, ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. लॉज साधा, स्वच्छ. सुट्टीचा दिवस आणि नवरात्र सोडून गेलात तर आधी सांगून ठेवायचीही गरज नाही.

किल्ला

दुसऱ्या दिवशी सकाळी गड. रेणुकेच्या डोंगराला लागूनच किल्ल्याचा डोंगर आहे, गाडी बऱ्यापैकी जवळ जाते. आम्ही गेलो तेव्हा कुणी तिकीट मागितलं नाही. पाणी सोबत न्या, वर काही मिळत नाही.

हा किल्ला नेमका कुणी बांधला याबद्दल एकमत नाही. कुणी यादवांचं नाव घेतं, कुणी गोंड राजांचं. पुढं बहमनी आले, वऱ्हाडची इमादशाही आली, निजामशाही, मुघल, आणि शेवटी हैदराबादचा निजाम. तिन्ही बाजूंनी पैनगंगेचं खोरं आणि मधे हा डोंगर, त्यामुळं उत्तरेतून दख्खनेत उतरणाऱ्या प्रत्येकाला माहूर लागायचंच. पुढं ज्यानं ताजमहाल बांधला, तो शहाजादा असताना बापाशी बंड करून पळाला, तेव्हा हत्ती आणि जड सामान इथं ठेवून तो पुढं निसटला, असं मी वाचलं होतं. आणि इथल्याच एका देशमुखीणबाईला, नवऱ्यामागं जहागीर सांभाळून स्वतः घोड्यावर लढाईला जायची म्हणून, मुघल बादशहानं वाघीण या अर्थाची पदवी दिली होती. हे सगळं मी आत्यांना सांगत होते. देशमुखीणबाईंचं ऐकून त्या म्हणाल्या, "तिला लेकरं व्हती का?" मला माहीत नव्हतं.

हत्ती दरवाज्याची कमान उंच आहे. काळ्या दगडातली, आणि आत शिरलं की एकदम गारवा. कमानीच्या आतल्या अंगाला, अगदी वर, एक काळपट, सुपाएवढं काहीतरी चिकटलेलं होतं. मला ती ओल वाटली. मी मान खाली घालून आत गेले, तलाव पाहिला, तटावरून खोरं पाहिलं, फोटो काढले. आत्या बाहेरच, दरवाज्यापासून थोड्या अंतरावरच्या चौथऱ्यावर चादर पसरून बसल्या होत्या.

मी परत आले तेव्हा त्यांच्याजवळ एक मुलगी बसलेली. अंगात गुलाबी रंगाचा लांब गाऊन, मागं जमिनीवर लोळणारा भलामोठा घोळ. तिला आपण ऋतुजा म्हणू. मूळची नायगावची, नांदेडला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. तीन आठवड्यांवर लग्न होतं आणि लग्नाआधीचे फोटो काढायला ती, होणारा नवरा, फोटोग्राफर आणि त्याचा जोडीदार असे चौघं आले होते. आत्यांनी तिची सगळी चौकशी आधीच करून घेतली होती. हे असलं शेपूट लावून लग्नात बसणार का, असंही विचारून झालं होतं. मुलगी हसत होती. नवरा मुलगाही येऊन बसला. चांगला मुलगा होता, हे मला मुद्दाम लिहायचंय. आत्यांना आजी म्हणाला, वाकून नमस्कार केला, आपल्याजवळचं बिस्किटाचं पाकीट त्यांच्या हातात दिलं.

मग त्यांना फोटोग्राफरनं बोलावलं. दोघं कमानीत उभे राहिले. गाऊनचा घोळ नीट पसरून दिसावा म्हणून फोटोग्राफरच्या जोडीदारानं त्याच्या कडेवर गाऊनच्याच रंगाच्या कापडात गुंडाळलेले दगड ठेवले. नंतर दोन्ही बाजूंना त्यानं रंगीत धुराच्या नळ्या पेटवल्या. एकीतून पिवळा धूर, एकीतून जांभळा. आत्यांनी तोंडाला पदर लावला. धूर कमानीत भरला, वर गेला, आणि वर जायला जागा नसल्यानं तिथंच साठला.

आवाज आधी आला. शेतातली विजेची डीपी जळायच्या आधी घुमते ना, तसा. आकाशातून येतोय की जमिनीतून, ते कळेना. मग फोटोग्राफरनं कॅमेरा स्टँडसकट टाकला आणि तो पळाला. त्याच्यामागं त्याचा जोडीदार. वरचा तो काळा डाग सुटून खाली येत होता, आणि आता कमानीतल्या धुराला तिसरा रंग आला होता.

ऋतुजा पळायला वळली आणि पडली. दगडांनी घोळ धरून ठेवला होता. तिनं नवऱ्या मुलाच्या कोटाची बाही पकडली. तो वाकला. मला वाटलं, उचलतोय. त्यानं दुसऱ्या हातानं तिची बोटं बाहीवरून सोडवली आणि तो पळाला. आमच्याच बाजूनं, माझ्या अगदी जवळून. त्याचं तोंड उघडं होतं, पण आवाज निघत नव्हता.

मी त्याच्याकडं बघत राहिले. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. मी बघितलेलं मला समजत नव्हतं.

वळून बघते तर चौथरा रिकामा. आत्या चादर घेऊन कमानीकडं निघाल्या होत्या. धावत नव्हत्या, त्यांना धावता येत नाही. पावसात अंगणातल्या मिरच्या गोळा करायला निघाव्यात तशा, भराभर पावलं टाकत चालल्या होत्या. मी ओरडले. त्यांनी ऐकलं नाही, की ऐकूनही थांबल्या नाहीत. त्या आत गेल्या, मुलीवर चादर टाकली, आणि चादरीवर स्वतः पालथ्या पडल्या.

गाडी आणायची, एवढं एकच मला सुचलं. गाडी खालच्या वळणावर होती. मी पळाले, तोंडावर ओढणी गुंडाळून गाडी वर घातली, जिथं गाडी न्यायची नसते तिथंपर्यंत नेली आणि हॉर्न दाबून ठेवला. समोरच्या काचेवर माश्या गारांसारख्या आदळत होत्या. आत्यांनी मुलीला कसंतरी उठवलं. गाऊन टरटरून फाटला, त्यामुळंच ती सुटली. दोघी एकाच चादरीखाली आल्या, पण चादर सगळी मुलीवर होती. मी मागचं दार उघडलं आणि दोघींसोबत शेकडो माश्या आत आल्या.

घाट मी कसा उतरले ते विचारू नका. मला मानेवर, हातांवर, कानाच्या पाळीवर डंख होते, पण दुखत नव्हतं. आरशात मुलीचा चेहरा दिसत नव्हता, नुसती सूज दिसत होती. आत्या सुरुवातीला तिच्या केसांतून माश्या चिमटीनं काढत होत्या. पहिल्या वळणानंतर त्यांचा हात थांबला. मी हाक मारली. त्या म्हणाल्या, "वर्षा, जीभ जड झाली." त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

दवाखाना

गावातल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आत्यांकडं पाहिलं आणि काही न विचारता मांडीत इंजेक्शन दिलं. ब्लडप्रेशर लागत नव्हतं. ओठ निळे पडलेले, घशातून शिट्टीसारखा आवाज. मी रोज मुलांना शिकवते, कुठल्या रेणूला कुठला रेणू चिकटतो. त्या खोलीत मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला इंजेक्शनच्या बाटलीवरचं नावही वाचता येत नव्हतं.

दुसरं इंजेक्शन दिल्यावर आत्यांनी डोळे उघडले. पहिल्यांदा त्यांनी ऋतुजाच्या खाटेकडं हात केला. ती जिवंत होती. डोळे पूर्ण बंद, पण श्वास नीट चालू होता. डॉक्टरबाईंनी सांगितलं की चादरीमुळं तिच्या पाठीवर आणि मानेवर डंख कमी होते. आत्यांच्या पाठीवर मात्र पोलक्याचं कापड दिसत नव्हतं, नुसते काटे.

नंतर तो मुलगा आला. त्याला मानेवर थोडे डंख होते. तो खालच्या टपरीवर पोचला होता, तिथल्या माणसांना आणि एक घोंगडी घेऊन पुन्हा वर निघाला होता, पण तोवर आम्ही उतरलो होतो. मी मदत आणायला गेलो होतो, असं त्यानं डॉक्टरबाईंना सांगितलं, मग फोनवर आपल्या आईला, मग ऋतुजाच्या वडलांना. प्रत्येक वेळी त्याचा आवाज आधीपेक्षा ठाम होत गेला. संध्याकाळी अँब्युलन्सनं दोघींना नांदेडला हलवलं. तिथं माझा नवरा लातूरहून येऊन थांबला होता. आईला पाहिल्यावर तो जिन्यात जाऊन बसला.

कुणी माहूरला किंवा कुठल्याही जुन्या किल्ल्यावर जाणार असेल तर माझं ऐका. कमानीत शिरण्याआधी वर बघा. आग्या मोहोळ काळं, लोंबणारं, एकाच पोळ्याचं असतं, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हमखास असतं. त्याच्या आसपास धूर, फटाके, उग्र अत्तर, मोठा आवाज, ड्रोन, काहीच नको. माश्या उठल्या तर हात झाडू नका; डोकं आणि तोंड झाका आणि दूर जात राहा, गाडीत किंवा बंद खोलीत शिरा. काटे लगेच खरवडून काढा. आणि श्वास लागला, जीभ जड झाली, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. गड पाहण्यासारखा आहे. जाऊ नका असं मी म्हणत नाही.

नायगाव

आत्या बऱ्या होऊन लातूरला आमच्याकडं राहायला आल्या. मी मात्र बरी नव्हते. मिक्सर लावला की मी स्वयंपाकघरातून बाहेर निघून जायची. क्लासमध्ये पंखा घरघरला तर मी फळ्याकडं तोंड करून उभी राहायची. पण रात्री डोळ्यांसमोर यायचा तो एक हात, दुसऱ्या हाताची बोटं सोडवणारा. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

मग ऋतुजाचा फोन आला. आत्यांची तब्येत विचारून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही बाहेरून बघत होतात ना?" तिला बाही धरल्याचं आठवत होतं, आणि मग ती हातात नव्हती. डोळे मिटलेले होते. आपला हात निसटला की त्यानं सोडवला, हे तिला समजत नव्हतं, आणि दिवसरात्र दुसरं काही सुचत नव्हतं. मी तिला जे पाहिलं ते सांगितलं.

ती रडली नाही. म्हणाली, "घरी येऊन सांगाल का? माझं कुणी ऐकत नाहीये. म्हणतात, मधमाश्या चावल्या म्हणून कुणी लग्न मोडतं का."

माझ्या नवऱ्याचं म्हणणं पडलं की आपण यात पडू नये. लोकांच्या पोरीचं लग्न, हॉल ठरलेला, पाहुणे सांगितलेले. उद्या काही बरंवाईट झालं तर बोल आपल्यावर. तो चुकीचं बोलत नव्हता. मलाही तेच वाटत होतं. आत्या लसूण सोलत होत्या. त्यांनी सुपातली टरफलं फुंकून बाजूला केली आणि मला विचारलं, रविवारी क्लास असतो का.

रविवारी आम्ही दोघी नायगावला गेलो. रस्ता नांदेडवरूनच, पुढं देगलूरकडं. ऋतुजाचं घर बाजारपेठेमागं, वडील शाळेत शिक्षक. तिच्या चेहऱ्याची सूज उतरली होती, पण डोळ्यांखाली अजून पिवळट डाग. आम्ही बैठकीत शिरलो. तो मुलगाही तिथं बसला होता, सोबत त्याचे वडील. ऋतुजाच्या वडलांनीच बोलावलं होतं. जे काय बोलायचं ते समोरासमोर व्हावं, असं ते म्हणाले. त्यांचा राग आमच्यावर होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. चहा मात्र आला.

आधी आत्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी पोरीकडं बघत व्हते. पोराकडं बघितलं न्हाई. ते हिनं बघितलंय."

सगळे माझ्याकडं वळले. मी सांगितलं. धूर, आवाज, दगड, ती पडली, तिनं बाही धरली, तो वाकला. तिथपर्यंत सोपं होतं. पुढचं वाक्य बोलताना मी त्या मुलाकडं बघितलं, कारण न बघता बोलणं बरं वाटेना. तो माझ्याकडं बघत नव्हता. त्याचे वडील म्हणाले की माश्यांच्या गर्दीत, धुरात, एवढ्या लांबून असं नेमकं दिसतं का. मी म्हटलं, दिसलं.

इतका वेळ ऋतुजाची आई आतल्या दारात उभी होती. ती दोन पावलं पुढं आली आणि तिनं मला विचारलं, "हिसका दिला का बोटं सोडवली?"

मला तिचा प्रश्न लगेच समजला नाही. जिवाच्या भीतीनं कुणीही हिसका देतं. तिला तेच ऐकायचं होतं, आणि मला तेच सांगावंसं वाटत होतं.

"सोडवली," मी म्हटलं. "एकेक करून."

पंखा फिरत होता. रस्त्यावरून भंगारवाल्याची रिक्षा ओरडत गेली. मुलाच्या वडलांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण त्याच्या आधी तो मुलगाच बोलला, इतका हळू की मला वाटलं भास झाला. तो म्हणाला, "मी घाबरलो होतो."

त्याच्या वडलांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्याला पहिल्यांदाच बघतायत.

ऋतुजा त्याच्या समोर येऊन उभी राहिली. ती चिडलेली नव्हती. "हे त्या दिवशी दवाखान्यात म्हणाला असतास ना," ती म्हणाली, "तर लग्न मोडायचा मी विचारसुद्धा केला नसता. मी पण घाबरले होते. पण तू रोज फोन करून मला सांगत होतास की माझाच हात बाहीवरून निसटला."

ते कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या आईला नव्हतं, मला नव्हतं. मी जे पाहिलं होतं तेच सगळ्यात वाईट, असं मी इतके दिवस धरून चालले होते.

तिची आई वडलांकडं बघून एवढंच म्हणाली की हॉलवाल्याला आजच सांगा. वडील उठले आणि चप्पल घालून बाहेर गेले. लग्न मोडलं. भांडण झालं नाही, आवाज चढले नाहीत. तो मुलगा निघताना आत्यांसमोर थांबला, पण वाकायचं की नाही हे त्याला ठरवता आलं नाही, तसाच गेला.

घरी

परतीच्या वाटेवर, लोहा आल्यावर आत्या म्हणाल्या की त्या पोराचा बाप त्याला घरी लई बोलंल, आज त्याच्याजवळ कुणीतरी पायजे. मी धक्का बसल्यासारखं त्यांच्याकडं बघितलं. माझ्या मनात त्याच्यासाठी तसूभरही जागा नव्हती, आणि जिच्या पाठीवर अजून खपल्या होत्या ती बाई त्याची काळजी करत होती.

रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं काय झालं ते. मी सगळं सांगितलं. तो घास हातात धरून ऐकत राहिला. माझं संपल्यावरही त्यानं घास तोंडात घातला नाही.

"मी असतो तर?" त्यानं विचारलं. मला की आईला, ते कळलं नाही. "पळालो असतो का गं मी?"

पंधरा वर्षं ज्याच्यासोबत राहतेय त्याच्याबद्दलचा एवढा साधा प्रश्न, आणि मी ताटाकडं बघत बसले. हे मला माहूरच्या कमानीत जे पाहिलं त्याच्याइतकंच हादरवून गेलं.

आत्या त्याला वरण वाढत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"पळाला आसतास की," त्या म्हणाल्या. "आन् मग येऊन सांगितलं आसतंस, पळालो म्हणून. खा आता, गार व्हायलंय."

त्यानं मान हलवली आणि जेवायला लागला. मी त्याच्या हाताकडं बघत होते. बऱ्याच वेळानं मलाही भूक लागल्यासारखं वाटलं.